सेंड आणि रिटर्नच्या मधे आवाज जातो कुठे?

या वेळी पत्रांमधे गिटार अँपच्या एफेक्ट्स लूपचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच देते. जे नव्यानं वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिटारचा सिग्नल आधी प्रीअँपमधे जातो, तिथे गेन आणि टोन ठरतो, मग पॉवर अँपमधे जातो आणि तिथून स्पीकरला. प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधे जी वाट बाहेर काढून दिलेली असते ती म्हणजे लूप, सेंडमधून सिग्नल बाहेर येतो, पेडलमधून फिरतो आणि रिटर्नमधून परत आत जातो. काही अँपवर ह्याच जॅकवर प्रीअँप आउट आणि पॉवर अँप इन असं लिहिलेलं असतं, गोष्ट तीच. डिले (आवाज परत परत ऐकवणारा) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा) अँपच्या डिस्टॉर्शनच्या आधी लावले तर प्रत्येक रिपीटपण डिस्टॉर्ट होतो आणि सगळा चिखल होतो, लूपमधे लावले की रिपीट सुटे सुटे ऐकू येतात, लूप ठेवायचं मुख्य कारण हेच.

प्रश्न : ताई, माझा ट्यूब कॉम्बो, म्हणजे स्पीकर आतच असलेला ट्यूब अँप, वाजवता वाजवता मधेच आवाज पाडतो. एकदम निम्म्याच्या खाली जातो आणि पातळ होतो, मग जोरात एक स्ट्रम मारला की खाडकन परत येतो. दोन्ही पॉवर ट्यूब बदलल्या तरी तेच चालूये. आता एकजण म्हणतोय की आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. लूपमधे मी काहीच लावत नाही, लूप कधी वापरलाच नाहीये, त्यामुळे तो प्रॉब्लेम नसणार ना?

उत्तर : लूप कधी वापरला नाहीये, ह्यातच सगळी मेख आहे. ट्रान्सफॉर्मरवर पैसे घालायच्या आधी एवढंच कर, एक चांगली छोटी पॅच केबल घे, तीच जी दोन पेडल जोडायला वापरतो, आणि सेंडमधून थेट रिटर्नमधे लाव. मग तासभर वाजव. आवाज एकदाही पडला नाही तर दोष सापडला, रिटर्नचा जॅक.

आता असं का होतं ते बघ. रिटर्नचा जॅक हा साधा जॅक नसतो, त्यात एक स्विच लपलेला असतो. आत एक वाकडी पत्ती असते, प्लगच्या टोकाला टेकणारी, आणि प्लग नसेल तेव्हा हीच पत्ती मागच्या एका बारक्या काँटॅक्टवर टेकून बसते. त्या काँटॅक्टला सेंडची वायर आलेली असते. म्हणजे लूपमधे काहीच लावलेलं नसतं तेव्हा तुझा सगळा आवाज, प्रीअँपमधून पॉवर अँपमधे जाणारा, त्या दोन धातूंच्या टेकणीवरून जात असतो, आणि ती टेकण किती असते तर मोहरीच्या दाण्याएवढी. प्लग आत घातला की पत्ती उचलली जाते, ती वाट तुटते आणि सिग्नलला बाहेरून फिरून यावं लागतं.

लूप वापरणाऱ्या माणसाच्या अँपमधे ही पत्ती रोज उचलली जाते, परत टेकते, त्यामुळे जरा तरी साफ राहते. तू कधी वापरलाच नाहीस म्हणजे ती पत्ती कारखान्यातून निघाल्यापासून एकाच जागी टेकून आहे, त्यावर ऑक्साइडचा थर चढलाय, धूळ बसलीये, ट्यूबची उष्णता रोज लागतीये. थर पातळ असला की छोटा सिग्नल अडतो आणि मोठा सिग्नल तो थर फोडून पलीकडे जातो, म्हणूनच जोरात स्ट्रम मारला की आवाज परत येतो. हे लक्षण इतकं ओळखीचं आहे की तुझ्या पत्राची दुसरी ओळ वाचली तेव्हाच मला जॅक दिसायला लागला.

साफ कसं करायचं, तर अँप बंद, मेन्सचा प्लग भिंतीतून काढलेला. इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर मिळतो तो घ्यायचा, बिजागरीला मारायचं तेल अजिबात नाही, ते चिकट थर सोडतं आणि धूळ धरतं. क्लीनर जॅकच्या भोकात फवारायचा नाही, तो आत कुठेही जातो. प्लगच्या टोकाला थोडासा मारायचा आणि तो प्लग रिटर्नमधे वीसेक वेळा आत-बाहेर करायचा, मग सेंडमधेही तेच, दहा मिनिटं वाळू द्यायचं. प्रत्येक वेळी प्लग पूर्ण बाहेर काढायचा हं, कारण पत्ती मागच्या काँटॅक्टवर परत आपटते ती प्लग बाहेर आल्यावरच, आणि घासायचीये ती नेमकी तीच जागा.

ह्यानी बऱ्याचदा कित्येक महिने काम भागतं. दोनच दिवसांत परत सुरू झालं तर पत्तीचा ताण गेलाय किंवा बोर्डवरचं सोल्डर तडकलंय, बऱ्याच अँपमधे जॅक थेट सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असतात आणि प्लगला धक्का लागला की सगळा जोर त्या सोल्डरवर येतो. तेव्हा जॅक बदलून घ्यायचा, तो काय फार मोठा पार्ट नाहीये. तोपर्यंत ती पॅच केबल तशीच लावून ठेव, काही बिघडत नाही. पण अँप स्वतः उघडू नकोस, ट्यूब अँपमधे ४००-५०० व्होल्ट असतात आणि मेन्स काढल्यावरसुद्धा ते कपॅसिटरमधे साठून राहू शकतात.

मी शिकत होते तेव्हा एका मित्राच्या अँपला हेच झालं होतं. मी त्याच्या सगळ्या प्रीअँप ट्यूब एकेक करून बदलल्या, टेबलावर दोन दिवस झकास वाजला, आणि कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला आवाज गेला. झालं असं होतं की टेस्ट करताना मी रिटर्नमधे दोनतीनदा प्लग घालून काढला होता, तेवढ्यानं पत्ती तात्पुरती घासली गेली आणि मला वाटलं ट्यूब बदलल्यानंच दुरुस्त झालं. स्टेजवरचा त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो, म्हणून आता कुठलाही अँप आला की सगळ्यात आधी पॅच केबल लावून बघते.

प्रश्न : मॅडम, आधीच्या एका अंकात तुम्ही पॅच केबलची युक्ती सांगितली होती ती करून बघितली, फरक नाही. आवाज कधी तासाभरानी जातो, कधी जातच नाही. टेक्निशियनकडे नेला की हमखास नीट वाजतो. आता शोधायचं कसं?

उत्तर : मधेच येणारा-जाणारा दोष हा सगळ्यात छळणारा, पण लूप असलेल्या अँपमधे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे अँपचे दोन तुकडे करून ऐकता येतं.

पहिली गोष्ट, गिटार थेट रिटर्नमधे लावा. आवाज बारीक आणि मोकळा येईल, गेन नाही, टोनच्या नॉबचा बहुतेक अँपमधे काही परिणाम नाही, हे बरोबरच आहे कारण प्रीअँप बाजूला पडलाय. मधे एखादा बूस्ट किंवा प्रीअँप पेडल घातलात तर व्यवस्थित वाजेल. असं तासभर वाजवून आवाज पडला नाही तर पॉवर अँप, पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सगळं ठीक आहे, दोष रिटर्नच्या आधी आहे. फोनवरचं गाणंपण देता येतं, फक्त आधी फोनचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि हळूहळू वाढवा, कारण काही अँपमधे मास्टर व्हॉल्यूम रिटर्नच्या आधीच होऊन गेलेला असतो, मग रिटर्नमधे जे येईल ते थेट पूर्ण जोरात वाजतं, कानाला आणि स्पीकरला दोघांनाही ते बरं नाही.

पण तुमचा दोष बोलावल्यावर येत नाही, त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर रेकॉर्डिंग लावलं असतं. साध्या सिरीज लूपमधे सेंडमधे प्लग घातल्यानं आतली वाट तुटत नाही, ती रिटर्नमधे घातल्यानं तुटते. म्हणजे सेंडमधून एक केबल ऑडिओ इंटरफेसच्या (कंप्युटरवर रेकॉर्ड करायच्या डब्याच्या) लाइन इनपुटला न्या, दुसऱ्या चॅनलला स्पीकरसमोर माइक ठेवा, दोन्ही एकत्र रेकॉर्ड करत ठेवा आणि नेहमीसारखं वाजवत बसा. अँप त्याच्या पद्धतीनं चालू राहील. आवाज पडला की थांबा आणि दोन्ही वेव्हफॉर्म बघा. माइकचा बारीक झाला आणि सेंडचा जसाच्या तसा आहे, तर दोष सेंडच्या पुढे. दोन्ही एकदम बारीक झाले तर प्रीअँपमधे, मग तिथल्या ट्यूब, ट्यूबचे सॉकेट, व्हॉल्यूमचे पॉट, गिटारची केबल हेही त्यातच आलं. ही फाइल टेक्निशियनला ऐकवा, अँप त्याच्यासमोर शहाण्यासारखा वाजला तरी त्याला कुठे बघायचं ते कळेल.

एक अजून. बऱ्याच ट्यूब अँपमधे लूपला स्वतःची एक ट्यूब असते, १२एएक्स७ किंवा १२एटी७, अर्धी सेंडला ढकलते आणि अर्धी रिटर्नला आलेला सिग्नल परत उचलते. ही ट्यूब दमली किंवा सॉकेटमधे सैल झाली तर पॅच केबलनी काहीच फरक पडणार नाही कारण सिग्नल तरीही तिच्यातूनच जातोय. तुमच्या मॅन्युअलमधे ट्यूबचा नकाशा असेल, लूपची कुठली ते बघा आणि अँप बंद करून गार झाल्यावर चांगली असल्याची खात्री असलेली, त्याच नंबरची ट्यूब तिथे घालून बघा. प्रीअँप ट्यूबला बायस, म्हणजे ट्यूब बदलल्यावर करंट जुळवणं, करावं लागत नाही, हे घरी करता येतं.

प्रश्न : क्लीन चॅनलला डिले मस्त वाजतो. लीड चॅनल लावून मास्टर वाढवला की डिलेचा आवाज फाटतो, चरचरतो. पेडल दुसऱ्या अँपवर एकदम नीट आहे. पेडल खराब की अँप?

उत्तर : दोन्ही ठीक आहेत, लेव्हल जुळत नाहीये. पेडल हे गिटारच्या सिग्नलसाठी बनवलेलं असतं आणि काही लूप रॅक युनिटसाठी बनवलेले असतात, त्यांचा सिग्नल खूप मोठा असतो. आकड्यात सांगायचं तर स्टुडिओची लाइन लेव्हल प्लस ४ डीबीयू म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, घरगुती ऑडिओची मायनस १० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट, जवळजवळ चौपट फरक, आणि गिटारचा सिग्नल साधारण ह्या दुसऱ्याच्याही खाली. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला तेवढा मोठा सिग्नल पेलत नाही, वरचे टोक कापले जातात आणि तेच तुम्हाला चरचर म्हणून ऐकू येतं.

अँपच्या मागे लेव्हलचं बटण आहे का बघा. रोलँडच्या जेसी-१२० च्या लूपला मायनस २० आणि प्लस ४ असं बटण असतं, बाकी बऱ्याच अँपवर मायनस १० आणि प्लस ४ असतं. पेडलसाठी नेहमी खालचा आकडा. बटण नसून सेंड लेव्हलचा नॉब असेल तर तो खाली आणि रिटर्नचा वर.

तुम्ही लिहिलंय की मास्टर वाढवल्यावर फाटतो, ह्यावरून मला वाटतं तुमच्या लीड चॅनलचा मास्टर सेंडच्या आधी आहे. अशा अँपमधे तुम्ही जेवढ्या मोठ्यानं वाजवाल तेवढा मोठा सिग्नल पेडलला जातो. मास्टर रिटर्नच्या नंतर असेल तर पेडलला कायम तेवढाच सिग्नल मिळतो, मग तुम्ही घरात हळू वाजवा नाहीतर स्टेजवर. तपासायला सोपं आहे, सेंड इंटरफेसला लावा, मास्टर फिरवा, मीटर हलला तर मास्टर आधी आहे. जर दुसरा, सगळ्या चॅनलचा मिळून एक मास्टर असेल, तर चॅनलचा मास्टर कमी ठेवून तो वाढवा, बहुतेक तेवढ्यात काम होईल. अगदीच नाही झालं तर सेंड आणि पेडलच्या मधे सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर किंवा साधं व्हॉल्यूम पेडल.

उलटंपण होतं बरं का, रॅक युनिट प्लस ४ ची अपेक्षा करत बसलंय आणि लूप बारीक सिग्नल देतोय, मग आवाज दबतो आणि सुर्र असा हिस वर येतो.

प्रश्न : माझ्या अँपला लूपचा मिक्स नॉब आहे. डिजिटल रिव्हर्ब लावला की आवाज पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा. शून्यावर ठेवला की रिव्हर्बच नाही. ट्यूनर लूपमधे लावून म्यूट केलं तरी गिटार ऐकू येते!

उत्तर : तुमचा लूप पॅरलल आहे. सिरीज लूपमधे सगळा सिग्नल पेडलमधून जातो, पॅरललमधे मूळ सिग्नल सरळ पुढे जातच राहतो आणि लूपमधून आलेला त्यात मिसळला जातो, मिक्स नॉब ते प्रमाण ठरवतो. म्हणून ट्यूनर म्यूट करत नाही, त्यानं फक्त त्याची फांदी बंद केली. ट्यूनर गिटारच्या पुढ्यात, अँपच्या आधी लावा.

पोकळ आवाजाचं कारण म्हणजे रिव्हर्ब पेडलमधून रिव्हर्बबरोबर तुमचा मूळ आवाजसुद्धा बाहेर येतोय, आणि डिजिटल पेडलमधे तो आकड्यात बदलून परत यायला थोडा उशीर होतो. उशीर फक्त १ मिलिसेकंदाचा धरा, तरी दोन सारखे आवाज मिसळले की ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००, मग २५००, असं पुढे पुढे, कंगव्याच्या दातांसारखं. ५०० हर्ट्झ म्हणजे गिटारचा ऐन गाभा. पेडलमधे किल ड्राय नावाची सेटिंग असते ती चालू करा, किंवा पेडलचा मिक्स पूर्ण वेट (फक्त एफेक्टचा आवाज) करा, म्हणजे पेडल फक्त रिव्हर्ब देईल आणि प्रमाण अँपच्या नॉबनी ठरवा. किल ड्राय नसेल तर अँपचा मिक्स १०० टक्क्यावर नेऊन पेडलवरच प्रमाण ठरवा, बऱ्याच अँपमधे १०० ला मूळ वाट पूर्ण बंद होते आणि लूप सिरीजसारखा वागतो. ट्रेमोलो, ईक्यू, कंप्रेसर, नॉइज गेट हे पॅरलल लूपमधे घालूच नका, त्यांना सगळा आवाज हातात लागतो.

प्रश्न : मल्टीइफेक्ट फोर केबल पद्धतीनं लावलं की घूंऽऽ असा हम येतो. नुसतं पुढे लावलं की शांत.

उत्तर : ग्राउंड लूप. चार केबल म्हणजे गिटार ते युनिट, युनिटचा सेंड ते अँपचा इनपुट, अँपचा सेंड ते युनिटचा रिटर्न, युनिटचा आउट ते अँपचा रिटर्न. म्हणजे युनिट आणि अँप ह्यांची ग्राउंड आता तीन ठिकाणी जोडली गेली, शिवाय दोघांची मेन्सची अर्थ (अर्थिंग) वेगळी, त्या कड्यात मेन्सचा ५० किंवा ६० हर्ट्झ शिरतो. आधी युनिट आणि अँपचे मेन्सचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. युनिटचा पॉवर सप्लाय दुसऱ्या पेडलबरोबर वाटून घेतलेला असेल तर वेगळा करा, आयसोलेटेड आउटपुटवर. तरी राहिला तर केबल एकेक काढून बघा कुठली काढल्यावर जातो, आणि त्या जागी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला हम एलिमिनेटर घाला. युनिटवर ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर तेपण बघा, ते चालतं. पण मेन्सच्या प्लगची अर्थची पिन काढायची किंवा तिच्यावर टेप लावायची हे कोणी कितीही सांगितलं तरी करायचं नाही. गिटारच्या तारा त्याच ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमची बोटं त्या तारांवर असतात. अँपमधे आत काही तुटलं तर तीच अर्थ तुम्हाला वाचवते.

प्रश्न : ताई, माझा जुन्या डिझाइनचा अँप आहे, त्याला नंतर कोणीतरी लूप बसवून घेतलाय. पेडलबोर्ड पायाशी, जायला ६ मीटर यायला ६ मीटर. सगळी पेडल बंद असली तरी आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो.

उत्तर : तुझा लूप बहुतेक बफर नसलेला आहे, म्हणजे प्रीअँपचा सिग्नल मधे ताकद देणारं काही न घालता थेट जॅकवर आणलाय. केबल हा एक लांबलचक कपॅसिटरच असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. सगळी पेडल ट्रू बायपास (बंद केल्यावर सिग्नल सरळ तारेसारखा पुढे सोडणारी) आणि बंद असली की १२ मीटर सलग केबल झाली, म्हणजे १२०० पिकोफॅरड. सेंडचा इंपीडन्स, म्हणजे सिग्नलला आतून होणारा अडथळा, १०० किलोओहम असेल तर साधारण १३०० हर्ट्झपासूनच ट्रेबल उतरायला लागतो, घोंगडी तीच. तोच इंपीडन्स १ किलोओहम असता तर उतार १ लाख हर्ट्झच्याही पुढे गेला असता, कानाला काही कळलं नसतं. तपासायला सेंड-रिटर्नमधे एकदा वीतभर केबल लाव आणि एकदा १२ मीटरची, फरक लगेच कळेल.

उपाय म्हणजे बफर, पण तो पेडलबोर्डवर ठेवलास तर जायची ६ मीटर केबल त्याच्या आधी येते आणि तेवढा तोटा होऊनच जातो, म्हणून तो अँपच्या मागे सेंडला चिकटून ठेव, छोट्याशा केबलनी. फक्त तो बफर लूपची लेव्हल पेलणारा हवा, नाहीतर वरच्या डिलेच्या प्रश्नासारखी चरचर सुरू. डंबल ह्या अमेरिकन अँप बनवणाऱ्याच्या अँपबरोबर डंबलेटर नावाचा वेगळा ट्यूबचा डबा ठेवत असत तो ह्याच कामासाठी, सेंडला ताकद द्यायची आणि परत येताना लेव्हल सांभाळायची.

प्रश्न : रात्री आवाज न करता रेकॉर्डिंग करायचंय. ट्यूब अँपचा सेंड इंटरफेसला लावून स्पीकरची केबल काढून ठेवली तर?

उत्तर : नाही, प्लीज नको. ट्यूब अँपला स्पीकर किंवा लोडबॉक्स (स्पीकरऐवजी जोडायचा भार) कायम लागतो, त्याशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर ट्यूब जाऊ शकतात. स्पीकर लावलेलाच ठेवा आणि रिटर्नमधे एक रिकामा प्लग घाला, दुसऱ्या टोकाला काहीच न जोडलेली छोटी केबलपण चालते. सिरीज लूप असेल तर तेवढ्यानं पत्ती उचलली जाते, पॉवर अँपकडे जाणारी वाट तुटते आणि स्पीकर गप्प होतो. उघड्या केबलनी हम आला तर टिप (टोक) आणि स्लीव्ह (बाहेरची नळी) जोडून टाकलेला प्लग वापरा. आणि सेंडमधून येणारा आवाज कोरडा, टोचणारा वाटेल कारण स्पीकर त्यात नाहीये, तेव्हा इंटरफेसनंतर सॉफ्टवेअरमधे कॅबिनेटचा इंपल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल, लावा.